पोयसरचं खरं नाव

कांदिवलीत पोयसर नदीच्या पुलावर एक काका रोज सकाळी उभे असतात, भर उकाड्यात माकडटोपी घालून.

परवा मी निर्माल्याची पिशवी नदीत टाकायला गेलो, तर हात धरून म्हणाले, “पोयसर म्हणजे पाणपोई. नाव अस्सल मराठी.” माझा ऊर असा भरून आला की पिशवी घेऊन तसाच घरी परतलो.

काल तेच नाव ते एका गुजराती बेनना अस्सल गुजराती म्हणून सांगत होते. बेनही खुशीत पिशवी घेऊन परत निघाल्या.

“काका, खरं कुठलं?”

“मला काय ठाऊक? नाल्यात सगळेच टाकतात हो. आपल्या नदीत कोण टाकतं?”

समोरून गळ्यात क्रॉस घातलेले एक अंकल पिशवी घेऊन येताना दिसले, तसा काकांनी पोर्तुगीजसाठी घसा खाकरला.