गेटवरची पाचवी

रूता ओझोलाला गुंतिस कोचचा फोन वर्षातून एकदाच यायचा, मे महिना संपता संपता. आधी आईची चौकशी, मग हवापाणी, मग गुडघ्याची चौकशी. गुडघ्यावर गाडी आली की रूता ओळखायची, की यंदाही चारच पोरी जमल्यात.

आमच्याकडे नियमच तसा आहे. बायकांच्या राष्ट्रीय शर्यतीला सुरुवातीच्या गेटवर पाचजणी उभ्या राहिल्या, तरच ती बायकांची शर्यत. चारच असल्या की त्यांना पंधरा-सोळाच्या पोरांमध्ये ढकलतात, आणि मग बायकांचं विजेतेपद वगैरे काही नाही, गुमान घरी जायचं. बीएमएक्सचं, म्हणजे उंचवट्यांवरून सायकली उडवायच्या शर्यतीचं, नाव काढलं की आम्ही लात्वियावाले छाती पुढे काढतो, पण पोरी आणायच्या कुठून? निम्म्या आयर्लंडला मशरूम खुडायला गेल्या. उरलेल्यांच्या आया म्हणतात, दात पाडून घेतेस का, त्यापेक्षा गायनमंडळात जा. म्हणून दरवर्षी कुणाला तरी बाबापुता करून पाचवी म्हणून उभं करायचं. जिंकायची गरज नाही. अंतिम फेरीत पुढचं चाक गेटबाहेर पडलं की झाली मोजणी.

रूता गेली चार वर्षं ही पाचवी होती.

ती काही अशीच रस्त्यावरून धरून आणलेली नव्हती. सहाव्या वर्षी गुंतिसनेच तिला पहिल्यांदा उतारावर उभं केलं होतं. सतराव्या वर्षी युरोपच्या ज्युनियर स्पर्धेत ती सहावी आली, तेव्हा गुंतिसने तिला खांद्यावर घेऊन सगळ्या मैदानाला चक्कर मारली होती. राष्ट्रीय शर्यतीत मात्र दोनदा दुसरी. विसाव्या वर्षी पहिल्या वळणावर दुसरीचं हँडल तिच्या हँडलात अडकलं. गळ्याचं हाड मोडलं, गुडघ्याची शीर तुटली. गुंतिस दवाखान्यात एकदा आला, स्ट्रॉबेऱ्या घेऊन. दुसऱ्यांदा आला तो निरोप. राष्ट्रीय संघाच्या निवड यादीत तिचं नाव नव्हतं. "पोरी, तू तर समजूतदार आहेस," एवढंच त्यात लिहिलं होतं. समजूतदार! माणसाचं काहीतरी काढून घ्यायचं असलं की लोकांना त्याचा समजूतदारपणा बरोबर दिसतो.

रूता चीजच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी सहा ते दुपारी दोन. जूनमध्ये एक दिवस सुट्टी काढायची, जुनी सायकल गाडीत घालायची, जाऊन शेवटची यायचं. उंचवट्यांवरून उडी नाही, काही नाही, नुसतं वरखाली करत यायचं. "आणि ही आपली रूता! या बाई या, सूप अजून निवलेलं नाही!" असं निवेदक माइकवरून ओरडायचा आणि लोक खो खो हसायचे. तीही हसायची. घरी येताना मात्र गाडीत रेडिओ लावायची नाही.

गेल्या जूनमध्ये तो असाच ओरडला, आणि तिला हसूच येईना. हेल्मेटच्या आत तिचा चेहरा तापला. आपण चोवीस वर्षांच्या आहोत, म्हाताऱ्या नाही, आणि हे आपण कुणासाठी करतोय, असं तिच्या मनात आलं ते जाईचना.

ऑक्टोबरपासून ती कारखान्यातली पाळी संपली की ट्रॅकवर जायला लागली. कुणाला बोलली नाही. आईला, दाग्नियाला, तेवढं कळलं, कारण धुवायच्या कपड्यांत लाल माती यायला लागली. "परत?" आई म्हणाली. "एकदाच," रूता म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून डब्यातल्या मांसाचं सारण भरलेल्या पिरागी दोनाच्या चार झाल्या. बर्फ पडला तेव्हा रूताने फावड्याने सुरुवातीचा उतार एकटीने साफ केला. एकदा लाउमा तिथे आली. सतरा वर्षांची, गुंतिसच्याच हाताखालची, चार पोरींतली चौथी.

"तू कशाला फावडं मारतेस?" लाउमाने विचारलं.

"हौस आली म्हणून. उभी काय राहिलीस, दुसरं घे."

तेव्हापासून दोघी शनिवारी बरोबर सराव करायच्या. लाउमा गेटवर श्वास रोखून धरायची आणि म्हणून उशिरा सुटायची. रूताने हिवाळाभर तिच्या कानीकपाळी ओरडून तिची ती सवय मोडली. मार्चमध्ये लाउमा एकदा तिच्या पुढे सुटली, तर रूतालाच जास्त आनंद झाला. दोघींनी गाडीच्या बॉनेटवर बसून चार पिरागी संपवल्या.

मग मेमध्ये फोन आला, गुडघ्याची चौकशी झाली. रूता म्हणाली, "येते की."

यंदाच्या शर्यतीला आणखी एक गोष्ट होती. जी जिंकेल ती युरोपच्या स्पर्धेला जाणार, एकच जागा. विजेतेपद द्यायचंच झालं नाही, तर गेल्या वर्षीची विजेती जाणार. गेल्या वर्षीची विजेती म्हणजे एस्तेरे, गुंतिसची लाडकी, एकोणीस वर्षांची, पायात बळ आणि नाकावर राग. पोरगी वाईट नव्हती. तिला कुणी कधी पाठीमागे टाकलं नव्हतं, एवढंच.

शर्यतीच्या दिवशी ऊन लख्ख होतं. बायका टेबलापाशी विजेत्यांसाठी ओकच्या पानांचे मुकुट गुंफत बसल्या होत्या, त्यांत दाग्नियाही. पहिली फेरी. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, तयार व्हा, गेटकडे लक्ष द्या. दिवे, पिपाण्या, गेट धाडकन खाली. पहिल्या उंचवट्यापर्यंत लोक हसायच्या तयारीत होते. दुसऱ्या उंचवट्यावरून रूता हवेत गेली, आणि निवेदकाचा घसा बसल्यासारखा झाला. ती सायकलभर अंतराने पहिली आली. दुसऱ्या फेरीत एस्तेरे पुढे, तिसरीत परत रूता. मैदानात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "ओझोला! ओझोला!" ओरडलं. दाग्नियाने हातातली पानं खाली ठेवली आणि डोळे पुसले.

अंतिम फेरीला एक तास होता. गुंतिस तंबूमागे आला.

"मस्त चालवलीस. खरंच. मला नवल वाटलं."

"मला नाही वाटलं."

"पोरी, ऐक. एस्तेरेला युरोप हवंय. तिचं वय आहे, पुढे चार वर्षं आहेत. तू जाऊन काय करणार? सोमवारी तर तुझी कारखान्यात पाळी असेल."

"मंगळवारीही आहे. मग?"

"मग पहिल्या वळणावर जरा दमानं घे. कुणाला कळणारही नाही. एवढं माझ्यासाठी कर."

"तुमच्यासाठी चार वर्षं शेवटची आले, कोच. आता काय रांगत येऊ?"

गुंतिसने टोपी काढली, परत घातली. "तू समजूतदार..."

"तो शब्द पुन्हा काढाल तर इथेच ओरडेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तो गेला. रूताला आतून हलकं वाटत होतं. माणूस शेवटी विचारायला आला, म्हणजे घाबरला, असं तिला वाटलं. इथेच तिची चूक झाली. विचारून भागलं नाही की माणसं विचारायचं सोडून देतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

अंतिम फेरीची हाक झाली. उतारावर रूता, एस्तेरे आणि दुसऱ्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. पाचवी जागा रिकामी. लाउमा उताराच्या पायथ्याशी सायकल धरून उभी होती, हेल्मेट हातात.

"तिचं पोट दुखतंय," पंचांनी कागदावर बघत सांगितलं. "कोचने नाव मागे घेतलंय. चारच उरल्यात, तेव्हा मुलांबरोबर धावा. विजेतेपद नाही."

रूता सायकल टाकून खाली धावली.

"लाउमा, माझ्याकडे बघ. दुखतंय?"

लाउमा मातीकडे बघत होती. "हो."

"ठीक आहे, दुखतंय. तरी वर ये. चालवू नकोस. गेट पडलं की नुसतं चाक खाली सोड आणि तिथेच आडवी हो, मी स्वतः डॉक्टर आणते. एक चाक, लाउमा. मी चार वर्षं केलंय हे, त्यात मरत नाही कुणी. एक चाक सोड फक्त."

आजवर ती कुणापुढे अशी हात पसरून उभी राहिली नव्हती. लाउमाने मान वर केली, पण तिची नजर रूताच्या खांद्यावरून पलीकडे गेली. पलीकडे गुंतिस उभा होता, घड्याळ बघत.

"मला नाही जमणार," लाउमा म्हणाली.

तेवढ्यात दाग्निया टेबलापासून उठून आली. ती आयुष्यात कधी मैदानात ओरडली नव्हती. "गुंतिस, लाज वाटत नाही? सहा वर्षांची होती ती, तुझ्या हातात दिली होती मी!" लोक वळून बघायला लागले. गुंतिस म्हणाला, "दाग्निया, नियम मी केलेला नाही." आणि ते खरंच होतं, त्याने नियम केलेला नव्हता, त्याला तो फक्त पाठ होता.

रूता तरी शर्यतीत उतरली. मुलांच्या गेटवर, आठजणांत. आता कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या वळणावर तिने एस्तेरेला आतून मागे टाकलं, शेवटच्या सरळ पट्ट्यावर मुलांतल्या दोघांना. ती तिसरी आली. निवेदकाने पहिल्या मुलाचं नाव घेतलं, दुसऱ्याचं घेतलं, मग कागदावर बघून चौथ्याचं घेतलं. एस्तेरे शेवटच्या रेषेपलीकडे हेल्मेट काढून रडत होती. तिला युरोप मिळालं होतं आणि ते तिला आवडलेलं दिसत नव्हतं. बायकांसाठी गुंफलेले मुकुट कुणी उचलले नाहीत.

रूता गाडीत सायकल चढवत होती, तेव्हा लाउमा आली. नाक लाल झालेलं.

"कोचने सराव शिबिरात घेतो म्हणून सांगितलं. शरद ऋतूतल्या. मला तिथे जायचंय गं. तुला नाही माहीत किती."

"मला नाही माहीत?" रूता म्हणाली.

लाउमा नाक पुसत म्हणाली, "तो म्हणाला, रूताला कळेल. ती रागावणार नाही."

"मी रागावलेय. ते आधी नीट ऐकून घे. आणि दुसरं ऐक. मी इथे हरायलाही तयार होऊन आले होते. एस्तेरेने हरवलं असतं, तू हरवलं असतंस, हिवाळाभर तुला तेच तर शिकवत होते. तू मला पुढे जाऊन हरवलं असतंस ना, तर मी तुला उचलून नाचले असते. पण तू गेटवरसुद्धा आली नाहीस."

लाउमा हुंदके देत म्हणाली, "मग मी आता काय करू?"

रूताने गाडीचं मागचं दार लावलं. आई पुढच्या सीटवर कधीची बसली होती, पट्टा लावून, समोर बघत.

"शिबिराला जा," रूता म्हणाली. "नाही गेलीस, तर आज माझं गेलं ते फुकटच गेलं."