बायकोच्या नावाचा भुंगेरा

संग्रहालयातल्या भुंगेऱ्यांच्या खोलीत कुठलीही वस्तू थेट आत जात नसे. दाराबाहेर एक शीतपेटी होती. पार्सलं, पुठ्ठे, पाहुण्यांच्या टोप्या, सगळं आधी तिच्यात गोठायचं आणि मगच आत यायचं. एवढ्याशा अळीने वाळवलेल्या किड्यांचे अख्खे संग्रह फस्त केल्याच्या हकिकती ही खोली सांभाळणाऱ्या भुंगेरेकाकांना तोंडपाठ होत्या. एकदा तर त्यांनी खुद्द संचालकांचा मफलर काढून घेतला, आणि साहेब आठवडाभर उघड्या गळ्याने खोकत फिरले. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांचं काम वर्गवारीचं. माणसाला माहीत असलेल्या प्राण्यांच्या जातींत साधारण दर चारातला एक भुंगेरा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. काजवे, सोंडकिडे, शेणकिडे, पाणभुंगेरे. पाठीवरची कडक झाकणं सोडली तर एकाचं दुसऱ्याशी जमायचं नाही. मग भिंगाखाली धरून मिशांची पेरं मोजायची, पायांची मोजायची आणि स्थळ पाहणाऱ्या आत्याच्या चिकाटीने आधी कूळ, मग जात ठरवायची. शंका आली की काका किडा बाजूला ठेवत. चुकीच्या घरात एकालाही बसवलं नाही, याचा त्यांना चांगलाच ताठा होता.

एक भुंगेरा मात्र कुठेच बसत नव्हता. लग्नाआधी सासुरवाडीला गेले असताना हे गृहस्थ भरल्या बैठकीतून उठून परसातल्या लाकडांच्या ढिगाशी जाऊन बसले, तिथे तो सापडला. तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढा, कंगव्याच्या दातांसारख्या मिशांचा. तसा दुसरा पुन्हा कधी मिळाला नाही. विज्ञानाला नवा निघाला तर त्याला तुझं नाव, असा शब्द त्यांनी होणाऱ्या बायकोला तेव्हाच देऊन टाकला. अर्धा संसार झाला तरी ती अधूनमधून विचारी, "काय हो, माझ्या किड्याचं कुठवर आलं?" आणि उत्तराची वाट न पाहता विणकामाच्या सुया पुन्हा चालवू लागे.

अखेर लाकडातल्या भुंगेऱ्यांच्या जाणकार बाई परगावाहून आल्या. काकांनी त्यांच्यापुढे त्या भुंगेऱ्याची पेटी उघडली. टाचणी जागच्या जागी उभी होती. तिच्या बुडाशी तपकिरी भुगा, एक पाय आणि केसाळ अळीने टाकलेली कात.

बाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"या पायावरून कूळ फार तर सांगता येईल," त्या म्हणाल्या. "नवा होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. फार वाईट झालं हो." मग काडीने कात उलटवत म्हणाल्या, "लोकर खाणारा दिसतोय. तोही भुंगेराच. इथे लोकरीचं काही असतं का?"

काकांनी खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. खोलीत गारठा फार, म्हणून बायकोने विणून दिलेला स्वेटर दोन हिवाळे तिथेच टांगलेला होता. जगाचे कपडे गोठवणाऱ्या माणसाला घरचा स्वेटर शीतपेटीत टाकायचं सुचलंच नव्हतं. तो उलटा केला तर काखेत बारीक भोकं, आणि भोकाच्या कडेला एक अळी सावकाश चाललेली. काकांना रडू आवरेना. बाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या त्या? आहे ना माझा नवा?"

काका बुटांच्या नाड्या सोडत राहिले. खरं सांगायचं तर स्वेटरचंही सांगावं लागणार होतं.

"साधाच निघाला," ते म्हणाले. "नेहमीचा. ढिगाने सापडतो."

जाणूनबुजून चुकीच्या घरात बसवलेला हा त्यांचा पहिलाच भुंगेरा.

"एवढंच होय!" ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. "मग इतकी वर्षं जिवापाड कशाला जपलात?"

"तुझ्या माहेरच्या परसात सापडला होता म्हणून," काका म्हणाले. एवढं मात्र त्यांनी खरं सांगितलं.