भाऊजींनी थांबवलेला स्लॅब

शेवटच्या भेटीत भाऊजींनी मला पहिला प्रश्न विचारला तो जिन्याचा. पनवेलच्या एका दवाखान्यात त्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. नाकात नळी, हाताला सलाईन, आवाज पार बसलेला. मी स्टूल ओढून बसलो तसे ते म्हणाले, "विलास, जिना कुठल्या बाजूला हाय?" मी म्हटलं, "भाऊजी, लिफ्ट आहे ना." "लिफ्टचं नाय विचारलं. लाईट गेली का लिफ्ट बंद." मी बाहेर जाऊन जिना बघून आलो आणि सांगितलं, डावीकडे, नर्सच्या टेबलामागे. त्यांनी मान हलवली. मग थोड्या वेळाने, "त्याच्या दाराला कुलूप नाय ना?" मी पुन्हा उठलो. कुलूप नव्हतं. एवढं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं की आता यांना झोप लागेल... दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. भाऊजी गेले होते.

काशिनाथ भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खारघरमधल्या बेलपाड्याचे मूळ रहिवासी, आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात काढली. दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यात एक गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले की काशिनाथराव निडर होते, भीती हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचं काम करतो. चुकीची नोंद दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हणून हा लेख. भाऊजी निडर नव्हते. त्यांच्याइतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याबद्दल खरं काही सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी खांब हलवून बघत. एसटीत मागच्या काचेजवळ, बाहेर पडायची खिडकी असेल तिथे बसत. कुकरची तिसरी शिट्टी झाली की चाललेलं बोलणं अर्धवट टाकून स्वयंपाकघरात डोकावत. आमची आई त्यांना तोंडावर चिडवायची, "जावई माझा वाघ हाय, फकस्त मांजर आडवं नाय गेलं पायजे." यावर तेही हसत. आम्ही सगळे हसत होतो, कारण त्या भीतीचं मूळ आम्हाला माहीत नव्हतं. ते फार पुढे ताईने सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या खात्यात एकदा वायूची गळती झाली होती. सगळे धावत फाटकापाशी जमले आणि सुपरवायझरने माणसं मोजली तर एक कमी भरला. कोणीतरी म्हणालं, तो चहाला गेला असेल. सगळ्यांना ते पटलं. भाऊजींनाही पटलं. तो चहाला गेलेला नव्हता. त्यानंतर भाऊजींनी नोकरी सोडली नाही, घरात तीन पोटं होती, पण "असेल कुठेतरी" हे वाक्य कोणी उच्चारलं की ते उठून उभे राहत.

मी घर बांधायला काढलं तेव्हा मला त्यांचा हाच स्वभाव नडला. पनवेलच्या पलीकडे, गाढी नदीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात वडिलांच्या वाटणीची भातजमीन होती. तिचा एक कोपरा मुरूम टाकून भरून घेतला आणि आम्ही तिथे चार खोल्यांचं घर उभं करायला लागलो. सगळं काम कंत्राटावर द्यायची माझी ऐपत नव्हती. नळाचं काम एका शाळूसोबत्याने केलं, विजेचं चुलतभावाने. विटा उतरवायला ताईच्या सासरची माणसं येत. पैसे घ्यायला कोणी तयार नसे, जेवण मात्र भरपेट लागे, आणि ते आई करायची. भाऊजी आठवड्याच्या सुट्टीला येत, कधी रात्रपाळी उरकून तसेच येत. भिंतींना पाणी मारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. ते पाणी मारत मारत घराभोवती फिरत आणि प्रत्येक फेरीला एक नवी शंका घेऊन येत. भराव नीट बसलाय का? हा खांब सरळ आहे का? मी ओळंबा लावून दाखवला की तेवढ्यापुरते गप्प होत. मुकादम वैतागून मला म्हणाला, "साहेब, तुमच्या भाऊजींना काशीयात्रेला पाठवा, स्लॅब पडला की परत आणू." 'स्लॅब पडला' म्हणजे भरून झाला, हे त्या धंद्यातलं नेहमीचं बोलणं. भाऊजींचा चेहरा ते ऐकूनच उतरला.

स्लॅबच्या दिवशी निम्मं गाव आमच्याकडे होतं. खाली टेकूंचं रान उभं, लाकडी बल्ल्या एकमेकींना खेटून, वर लोखंडी प्लेटा आणि सळयांची जाळी. मिक्सर घरघरत होता, आणि मालाची घमेली हातोहात वर चढत होती. रांगेत माझी बायको सुनीता होती, ताई होती, चुलत्यांच्या सुना होत्या, माझे दोन मित्र होते. मी वर होतो, मालाची जाडी मोजत. आईने दारासमोर गॅसची शेगडी मांडून भात चढवला होता. आदल्या दिवशीच भाऊजींनी तिला बजावलं होतं की टेकूंच्या आत चूल नको. पण वाऱ्याने शेगडी सारखी विझायला लागली तशी तिने गुपचूप ती उचलून आतल्या कोपऱ्यात नेली, हे आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

निम्म्याहून जास्त माल पडला असेल, आणि अचानक मिक्सर बंद झाला. त्या गोंगाटानंतरची शांतता मला अजून आठवते. मी वाकून पाहिलं तर भाऊजी मिक्सरपाशी उभे, चेहरा सिमेंटसारखा. "खाली उतरा," ते ओरडले. "समदे खाली उतरा! टेकू बसतोय!" झालं होतं असं की माल कालवायच्या पाण्याच्या पिंपाचा पाइप निसटला होता आणि पाणी बाहेर न जाता आत, भरावात जिरत होतं. टेकूंच्या खाली फळ्या होत्या, फळ्यांच्या खाली तो ओला मुरूम. भाऊजींनी एका टेकूवर तळहात ठेवला होता आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांच्या हाताखाली हलला. मुकादम धावत आला. "अहो, टेकू थोडा बसणारच! माल घट्ट होईल, मिक्सर चालू करा!" रांगेतून कोणीतरी हसलं. माझा चुलतभाऊ ओरडला, "भाऊजी, भूत बघितलं का काय?" मला संताप आला होता. अर्धवट सोडलेल्या स्लॅबचं काय होतं ते मला माहीत होतं. पण ते मिक्सरसमोर हात पसरून उभे होते, तेव्हा भांडण नको म्हणून मी सगळ्यांना उतरायला सांगितलं.

सगळे रस्त्यावर आंब्याखाली जमलो. भाऊजी बोट नाचवत एकेकाला मोजू लागले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग ते ताईकडे वळले. "आई कुठं हाय?" ताई म्हणाली, "असेल की, पाणी आणायला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. भाऊजी घराकडे धावले, आणि दाराच्या चौकटीत जाऊन थांबले. एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. आतल्या अंधारात शेगडीचा निळा जाळ दिसत होता. "आई, बाहेर या." आतून आवाज आला, "थांबा वाईच, भात लागंल." "आई, पाया पडतो तुमच्या, बाहेर या!" "पावणे जेवायचे हायत, त्यांना काय करपलेला वाढू?" त्या क्षणी वरून काहीतरी करकरलं. लाकूड होतं की लोखंड, की आम्हाला नुसता भास झाला, याबद्दल आमच्यात आजही एकमत नाही. पण सुनीताने माझा दंड एवढ्या जोराने धरला की तिची नखं रुतली. आणि तो घाबरट माणूस वाकून आत शिरला. टेकूंमधून वाट काढत गेला. बाहेर आला तो उघड्या हातांनी भाताचं तापलेलं पातेलं धरून, आणि मागून आई, "शेगडी राह्यली, शेगडी राह्यली" म्हणत. पातेलं त्यांनी नीट जमिनीवर ठेवलं, झाकण सारखं केलं, आणि चार पावलं बाजूला जाऊन उलटी केली. तळहात दोन्ही भाजले होते.

नंतर फळ्यांखाली दगड भरले, नवे टेकू लावले, आणि उरलेला माल संध्याकाळी पडला. पहिला भाग तोवर घट्ट झाला होता, त्यामुळे मध्ये सांधा राहिला तो राहिलाच. दर पावसाळ्यात त्या सांध्यातून ओल उतरते आणि हॉलच्या छतावर एक काळपट रेघ उमटते. मुकादम जाताना म्हणाला, "काही झालं नसतं साहेब. तुमच्या भाऊजींनी तुमचं घर बाटवलं." खरं काय होतं? मी पुष्कळदा मांडून बघितलं. स्लॅबचं वजन काढता येतं, एका टेकूवर किती येतं तेही काढता येतं. पण त्या सकाळी त्या ओल्या मुरमात किती ताकद उरली होती, याचा आकडा माझ्याकडे नाही आणि आता कोणाकडेच असू शकत नाही. स्लॅब कोसळला असता तर भाऊजी देवमाणूस ठरले असते. तो कोसळला नाही, म्हणून ते थट्टेचा विषय झाले. पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत ते दिसले की कोणीतरी ओरडायचं, "भाऊजी आले रे, खाली उतरा!" आणि तेही सगळ्यांबरोबर हसायचे. मी ती काळपट रेघ बघून मनातल्या मनात त्यांना बोल लावायचो, हेही सांगितलं पाहिजे.

आता निखिलचं, माझ्या मुलाचं, लग्न ठरलं आहे आणि त्याला वर एक मजला चढवायचा आहे. भाऊजी दवाखान्यात असतानाच त्याने एक इंजिनियर आणला होता. त्याने छताला आणि खांबांना मशीन लावून तपासलं. भाऊजींचं कार्य उरकल्यावर ताई चार दिवस आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी हा विषय सहज तिच्यापुढे काढला. म्हटलं, भाऊजी असते तर काय म्हणाले असते? ती म्हणाली, "ते तुझ्या घरात कधी आत झोपले, बघितलंस?" मी आठवू लागलो. गणपतीला ते दरवर्षी यायचे, मुक्काम करायचे. आतल्या खोलीत पलंग असूनही अंथरूण हॉलमध्ये, दाराला लागून टाकायचे. वारा लागतो म्हणायचे. "वारा?" ताई म्हणाली. "त्यांना पंख्याचा वारा सोसायचा नाय. तुम्ही झोपलात की ते उठून कडी काढून ठेवायचे." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एवढी वर्षं हा माणूस माझ्या घराला भीत होता, आणि आधी आपण बाहेर पडावं म्हणून दाराशी झोपत होता... माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. ताई चिडली. "आधी बाहेर? अरे, घर बसलं का पयलं दार अडकतं. आत समदे झोपलेले. मग दार कोण उघडणार, तू? तू तर घोरतोस." आणि ती हसली, भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर सुनीताने तिच्यासाठी आत पलंगावर चादर घातली. पण ताईने चटई घेतली आणि हॉलच्या दाराशी टाकली, डोकं उंबऱ्याकडे करून. गेल्या कित्येक दिवसांत तिला धड झोप नव्हती. तिथे ती पडल्या पडल्या झोपली. मी समोर खुर्चीत बसलो होतो. थोड्या वेळाने निखिल इंजिनियरचे कागद घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, रिपोर्ट आला. सगळं व्यवस्थित आहे, मजला चढवायला हरकत नाही. तुम्हीच तपासा." मी कागद घेतले आणि तपासले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यात चूक नव्हती.

"वर नको," मी म्हटलं. "मागच्या अंगणात दोन खोल्या काढू."

"पण का? आकडे बरोबर नाहीत का?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

हे वाक्य मी त्याच्यासमोर, किंवा कोणासमोरही, आधी कधी बोललो नव्हतो. त्याने वर छताकडे बघितलं. नंतर कागद गुंडाळले, आत्याला धक्का लागणार नाही अशा बेताने तिच्या बाजूने पाऊल टाकलं आणि बाहेर पडला. रस्त्यावरून धूळ येत होती. दार ओढून घ्यायला त्याचा हात पुढे आला, आणि मग त्याने ते तसंच उघडं ठेवलं.