वरून सोडलेली वायर

"खाली हात धरा, सिस्टर. मी वरून सोडते."

घरमालकीणकाकू माडीच्या खिडकीत उभ्या होत्या. हातात लांब वायर, टोकाला प्लग लावायचं बोर्ड. मी खाली अंगणात, माझ्या बॅटरीवरच्या स्कूटरपाशी. आणि मी हात धरलेसुद्धा.

आखाडा बाळापूरला नर्स म्हणून बदलून आले होते. लसीकरणाला गावोगाव जायचं तर काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घ्या, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून लोकांची बोलणी खा. कंटाळून ही गाडी घेतली. हिंगोलीचा दुकानदार म्हणाला, "बाई, पेट्रोलची तकलीफच न्हाई. मोबाईलसारखी कुठंबी लावा."

कुठंबी! भल्या माणसाला काय ठाऊक.

माझ्या खोलीत नुसता बल्ब. प्लगची सोय नाही, आणि करू द्यायला मालक तयार नाहीत. खोली सोडावी तर दुसरी मिळायची मारामार. आडनाव सांगितलं की रिकामी खोली 'कालच दिली' व्हायची. या लोकांनी निदान दिली होती. म्हणून मी गप्प राहायला शिकले होते.

मालकांच्या घरात दोन बोर्ड जवळ पडत. एक ओसरीत, एक गोठ्यात. ओसरीतलं झकास. कोरडी जागा, वर छप्पर, हाताच्या उंचीवर बटण. पण भिंतीपलीकडे देवघर. पहिल्याच दिवशी मी तिथे गाडी लावली, चार्ज झाल्यावर काढून घेतली. मी वळले तशी काकूंनी बोर्डावर गोमूत्र शिंपडलं. फाट्कन आवाज झाला, घरभर अंधार. मालककाका बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्या गाडीनं जाळलं बगा बोर्ड." गाडी तर अंगणात उभी होती. काकूंच्या हातात तांब्या तसाच होता.

मग गोठा. ओली भिंत, ढिला प्लग, बटणाला हात लावला की झिणझिण्या. भारनियमनातून लाईट आली की आधी कडबा कापायचं मशीन चालायचं, मग माझी गाडी. एकदा वासराने वायर चघळली. त्याला मी दोष देत नाही, त्या घरात माझा विटाळ न मानणारं तेवढंच होतं.

आणि आता ही तिसरी सोय, माडीवरून. वायर ओसरीला न लागता थेट अंगणात. काकूंना तो मोठेपणा वाटत होता. "आमी जातपात मानत न्हाई वो. निस्तं ओसरीतून नको."

बोर्ड हळूहळू खाली येत होतं. साबणाच्या वडीएवढं ते, एका हाताने धरता आलं असतं. माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. दोन्ही हात जुळले होते. ओंजळ झाली होती. मानही वाकली होती.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त पाहिलं होतं. आमच्या गावी, साखऱ्याला, आई पाटलाच्या शेतात निंदायला जायची. तहान लागली की शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून अशीच ओंजळ धरायची, आणि पाटलीणबाई वरून पाणी सोडायच्या. निम्मं पाणी कोपरावरून ओघळून मातीत जायचं. मी शिकले, नोकरीला लागले, आणि हात मात्र आईचेच राहिले. मला माझीच किळस आली. मग काकूंची आली.

हात मागे घेतले. बोर्ड फरशीवर आपटलं.

"काहून वो, काय झालं?"

"वायर वर ओढून घ्या, काकू."

"आन गाडी?"

"राहू द्या. बटणाला माझा हात चालत न्हाई, तर मला तुमची लाईट न्हाई पाहिजे."

"इतकं काय मनाला लावून घेऊन राहिल्या? वरून काय नि खालून काय, लाईट तीच!"

"व्हय. लाईट तीच. हात बी तेच, काकू. सकाळी याच हातानं तुमच्या नातवाचं तोंड उघडून पोलिओचा डोस पाजला. तवा गोमूत्र कुठं होतं?"

काकूंनी वायर ओढून घेतली. खिडकी लागली.

मी बौद्धवाड्यात खोली घेतली. इथे दाराजवळ बोर्ड बसवून घेतलं, हाताच्या उंचीवर. पण व्होल्टेज कमी. चार्जरचा हिरवा दिवा क्वचितच लागतो. बऱ्याचदा गाव यायच्या आधीच गाडी बसते. मग लसीचा डबा खांद्याला अडकवून ती ढकलत नेते. लोक हसतात. ऊन लागतं. जिंकल्यासारखं काही वाटत नाही, खरं सांगते. थकून जाते.

दवाखान्यातल्या सोबतच्या बाई म्हणतात, "मनानं चांगल्या हायेत वो त्या काकू. वापस जा, तिकडं लाईट बराबर राहते."

राहत असेल. गाडी बंद पडली तर मी ढकलीन. ओंजळ धरणार नाही.