उद्याची मडी

तंजावूरच्या आमच्या वीथीत सीतारामरावांना सगळे 'भूगोल-सार' म्हणतात, सार म्हणजे सर. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. कुठलीही नदी विचारा. तिचा उगम, तिच्या उपनद्या, ती कुठं वळते आणि का वळते, सगळं सांगतील, तुम्हाला नको असलं तरी. स्वतः मात्र तिरुचीच्या पलीकडं फारसे गेले नाहीत. कारण घरातच होतं आणि त्याचं नाव कमलाक्षीबाई.

बाईंना हिंडायची हौस दांडगी, पण अडचण मडीची. मडी म्हणजे सोवळं. डोक्यावरून नाहायचं, मडीचं लुगडं नेसायचं, आपल्या हातानं रांधायचं, मगच जेवायचं. हॉटेलचं चालत नाही आणि लॉजवाला चूल मांडू देत नाही. रामेश्वरला गेले तेव्हा बाई केळ्यांवर राहिल्या. तिच्यादेखत डोसा कसा खायचा, म्हणून भूगोल-सारही केळ्यांवर. घरी आल्यावर दोघांनी मिळून एवढा सांबार-भात खाल्ला की शेजारच्या कृष्णस्वामींना वाटलं, पाहुणे आलेत.

निवृत्त झाल्यावर सारांच्या मनात एकच होतं, कमलाक्षीला गोदावरी दाखवायची. कुणी म्हणालं, "एकटे जाऊन या की." सार म्हणाले, "एकट्यानंच बघायची तर नकाशात काय वाईट आहे?"

आणि एके दिवशी त्यांना मोटारहोमचा शोध लागला. चाकांवरचं घर! चूल आपली, भांडी आपली, बायको आपली. आता अडतंय कुठं?

"घराला चाकं लावणार?" कृष्णस्वामींनी तिण्णैवरून म्हणजे ओट्यावरून विचारलं. "मग वास्तूचं कसं? स्वयंपाकघर आग्नेयेला पाहिजे. तुम्ही डावीकडं वळलात की चूल ईशान्येला!"

सार हसले. पण गाडी बघायला तिरुचीला जाताना होकायंत्र त्यांनी खिशात टाकलंच.

तिथल्या विक्रेत्याचं नाव प्रवीणकुमार. टाय लावलेला, गोड बोलणारा मुलगा. सारांच्या हातातलं होकायंत्र पाहून तो अदबीनं म्हणाला, "सार, तुम्हाला कुठल्या दिशेचं घर हवं? स्टिअरिंग फिरवतो."

पहिली गाडी बसएवढी. सोफा, टीव्ही, फ्रिज, नाहणीघर, सगळं आत. सार तर आत शिरून खिडक्याच मोजायला लागले. कमलाक्षीबाई दोन पायऱ्या चढल्या, आत डोकावल्या आणि तशाच उलट्या पावली उतरल्या.

"काय झालं गं?"

"चुलीसमोर संडास आहे."

"दार आहे की त्याला!"

"दार आहे, पण पलीकडं काय आहे ते मला ठाऊक आहे ना!"

दुसरी ओढगाडी. म्हणजे मोटार पुढं आणि घर मागून, दाव्याला बांधलेल्या वासरासारखं. ही बाईंना जरा पसंत पडली. चालू असताना घरात कुणी पाय ठेवत नाही, मडी शाबूत. पण सारांनी ती मागं घेऊन बघितली. चाक डावीकडं वळवलं की घर उजवीकडं जायचं, उजवीकडं वळवलं की डावीकडं. शेवटी सार, मोटार आणि घर असे तिघंही एकमेकांकडं तोंड करून उभे राहिले.

"लग्नाच्या नवरानवरीसारखे दिसताय," बाई म्हणाल्या. "अंतरपाट आणू का?"

आणखी एक गाडी कोपऱ्यात उभी होती. साधी व्हॅन. आत निजायला फळी, बसायला बाक, संडास नाहीच. मागचं दार वर उचललं की ओटा बाहेर सरकायचा, चूल उघड्यावर.

"हा तर टेंपो आहे!" सार म्हणाले.

बाई मात्र बाजूला उभ्या राहून टपाकडं बघत होत्या. "तंबी, ती वरची लांब दांडी कसली?"

"सावलीसाठी, अम्मा. कापड ओढून घ्यायचं, खाली खुर्च्या टाकायच्या."

"कापड राहू दे. दांडी बाहेर काढता येते? उंच राहते? कुणाचा धक्का लागत नाही?"

प्रवीणकुमारनं दांडी बाहेर काढून दाखवली. बाईंचा चेहरा उजळला. घरोघरी मडीचं लुगडं उंच काठीवर वाळत पडतं. ते वाळेपर्यंत आणि बाई परत नेसेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. नवऱ्यालाही सूट नाही.

"आणि संडास?" सारांनी हळूच विचारलं.

"देवळं आहेत, पेट्रोलपंप आहेत. इतके दिवस तुम्ही काय बरोबर घेऊन हिंडत होतात?"

तरी सारांच्या मनात धाकधूक. बाई तिथं जेवतील का, याच्यावर सगळं अवलंबून. तेव्हा ठरलं की आधी एक दिवस चालवून बघायची. रविवारी प्रवीणकुमार व्हॅन घेऊन तंजावूरला आला आणि तिघं पापनाशमच्या वाटेवर, कालव्याकाठच्या नारळीच्या बागेत थांबले. संध्याकाळी गाडी परत करायची होती.

बाई कालव्याच्या पायऱ्यांवर नाहल्या आणि रेशमी लुगडं नेसल्या. प्रवासात रेशमाला विटाळ लागत नाही, असा एक सोयीचा नियम आहे. तो ज्या कुणी केला त्याचं भलं होवो. मग मागचं दार उघडून त्यांनी चूल पेटवली. चिंचेचा वास भाताच्या शेतांवरून असा काही गेला की रस्त्यावरचा एक मोपेडवाला थांबून "कुणाचं लग्न?" असं विचारून गेला.

केळीच्या पानांवर वाढलं. आधी प्रवीणकुमारला, मग सारांना. सार घास हातात धरून बघत बसले. बाईंनी स्वतःचं पान मांडलं, भात कालवला आणि जेवल्या. दुसऱ्यांदा भात घेतला. सारांनी तेव्हा पहिला घास तोंडात घातला. तो गार झाला होता आणि त्यांना पक्वान्नासारखा लागला.

जेवण झाल्यावर बाईंनी नाहताना नेसलेलं सुती लुगडं कालव्यात खळबळून पिळलं, दांडीवर लांबलचक वाळत घातलं आणि आतल्या फळीवर अंग टाकलं. लगेच झोप.

उन्हं कलली. प्रवीणकुमार घड्याळाकडं बघून उठला आणि दांडी आत घ्यायला हात वर केला.

"अय्यो! शिवू नकोस!" सार ओरडले, मग बायको जागी होईल म्हणून स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"सार, गाडी परत न्यायचीय. अम्मांना उठवू का?"

सार त्या हलणाऱ्या लुगड्याकडं बघत होते. मडी वाळत घालतात ती दुसऱ्या दिवशी नेसायला. आजचं जेवण तर झालं होतं.

"झोपू दे तिला," ते कुजबुजले. "ही घेतली आम्ही. तिनं केव्हाच घेतलीय. तू बसनं जा बाबा. आणि वाटेत कृष्णस्वामींना सांग, आमच्या दारापुढं रोज पाणी तेवढं शिंपडत जा म्हणावं."

प्रवीणकुमार चक्रावला. "मग तुम्ही, सार?"

"आम्ही उत्तरेला," भूगोल-सार म्हणाले, आणि हातानं चुकून पूर्व दाखवली.