हरणाचं ताट, शेळीचं ताट

मला लिहिण्याची सवय नाही. पण वहिनींबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही, म्हणून हे धाडस.

माझ्या थोरल्या भावाच्या या बायकोने तीस वर्षं एका प्रयोगशाळेत लेंड्या तपासल्या. मी तिथेच गाडी चालवायचो आणि टेकडीवरून त्या लेंड्या वेचून आणायचो. वहिनी त्या भिजवायच्या, चाळणीत धुवायच्या आणि काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. न पचलेल्या पानांच्या बारीक तुकड्यांवरून त्या झाड ओळखायच्या.

"बघा भाऊजी, या गवताला कशी मिसरूड फुटलीय!"

मला नुसता चिखल दिसायचा.

एकदा टेकडीवर शेळ्यांना बंदी घालायची टूम निघाली. शेळ्या हरणांचा चारा फस्त करतात, असं आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांचं मत. टेकडीखाली राहणाऱ्या एका बाईचं अख्खं घर चाळीस शेळ्यांवर चालायचं. दोन्ही जनावरांचं खाणं किती सारखं, ते वहिनींनी मोजायचं होतं. रीत सोपी. एखाद्या गवताचे तुकडे शेळीच्या लेंड्यांत शंभरात तीस आणि हरणाच्या दहा, तर सामाईक धरायचे दहा. मग सगळ्या झाडापाल्याची अशी बेरीज.

बेरीज आली ब्याण्णव. साहेब खूश. वहिनी मात्र जेवणाचा डबा उघडून माझ्याकडेच बघत बसल्या.

"तुम्ही आणि हे एकाच पातेल्यातलं जेवता. तरी तुम्ही भोपळा बाजूला काढता, हे मिरच्या काढतात. सख्ख्या भावांचं ब्याण्णव भरत नाही, या जनावरांचं कसं भरलं? हरणाच्या लेंड्या कुठून आणल्यात?"

"पाणवठ्यावरून."

"हरणाला टाकताना पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. ऊन टाळायला मी तिथल्याच वेचल्या होत्या. शेळ्याही तिथेच पाणी प्यायच्या, आणि लेंड्या तर दिसायला सारख्याच.

"उद्या मीही येते," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही झुडपाआड बसून हरणांच्या शेपट्यांवर नजर ठेवली.

"लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं हं," वहिनी कुजबुजल्या.

शेपटी वर झाली, हरीण पुढे गेलं, की मी पिशवी घेऊन धावायचो.

नवी बेरीज आली चौतीस. हरणं जास्त करून गवत खात होती, शेळ्या झुडपांचा पाला. साहेबांचा चेहरा उतरला. "आधीचं कुणी चुकवलं?"

"नमुना चुकला होता. नवा मी समोर बसून घेतलाय," वहिनी म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

शेळ्या टेकडीवरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्या डब्यात नुसता भोपळा भरला होता. मी मुकाट्याने सगळा संपवला.

"वाढला हं तुम्हा भावांचा आकडा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.