सकाळचा आकडा

दिघीच्या जेट्टीवरून वर टेकाडाकडे बघितलं की आंब्यांच्या गर्दीत तीन कौलारू घरं दिसतात. दोन घरांना कुलूप आहे. त्यातली माणसं कुवेतला आणि मुंब्र्याला. तिसऱ्यात सिराजुद्दीन आणि त्याची बायको गुलबानू राहतात. या घराच्या छपरावर सोलरची पॅनेलं आहेत, कारण वर विजेची तार गेलेलीच नाही. तीन घरांसाठी अठरा खांब कोण रोवणार, असं खालची माणसं म्हणतात. खरी गोष्ट अशी की सिराजुद्दीनने कधी अर्जच केला नाही. ज्याने चोवीस वर्षं दुसऱ्यांना वीज पुरवली त्याने विजेसाठी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्याला पटत नव्हतं.

ती चोवीस वर्षं ओमानातली. वाळवंटात तीनशे कामगारांची वसाहत होती आणि तिचा जनरेटर सिराजुद्दीनच्या ताब्यात होता. दर तासाला मीटरवरचे आकडे वहीत लिहायचे, हे त्याचं काम. आपल्या वेळेला एक रात्रही एसी बंद पडला नाही, तीनशे माणसं गारव्यात झोपली, हे तो अजून सांगतो. ऐकणारा नवा असेल तर दोनदा सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी तो कायमचा घरी आला तेव्हा येताना एक मीटर घेऊन आला. बॅटरीत शंभरातली किती वीज उरली आहे, ते त्या मीटरवर दिसतं. त्याने छपरावर दोन पॅनेलं चढवली, पडवीत दोन बॅटऱ्या मांडल्या, पडवीत एक आणि आतल्या खोलीत एक असे पंखे लावले आणि मीटर भिंतीवर ठोकलं. स्वतःची खाटही त्याच भिंतीला लावली. गुलबानू आत झोपायची. सकाळी फजरची नमाज झाली की हा चष्मा लावून मीटरपुढे उभा राहायचा आणि आकडा डायरीत लिहायचा. ओमान सुटलं, पण वही काही सुटली नाही.

आकडा साठाच्या वर असला की स्वारी खूश. स्वतः चहा ठेवायचा, गुणगुणायचा, गुलबानूला कप नेऊन द्यायचा. आकडा पन्नासच्या खाली असला की घरात सुतक. ओरडायचा नाही, हात उगारणं तर दूरच. फक्त तोंड फिरवून बसायचा आणि न्हाणीघरातला दिवा कुणी चालू ठेवला म्हणून विचारायचा. घरात माणसं दोन. कुणी ठेवला, याचं उत्तर देऊन काही फायदा नसायचा.

पहिल्या उन्हाळ्यात आकडा एक्केचाळीस, त्रेचाळीस, चाळीस असा घुटमळत राहिला. सिराजुद्दीनने तीन आठवडे डोकं लढवलं आणि मुंबईहून नव्या तऱ्हेचे रेग्युलेटर मागवून दोन्ही पंख्यांना बसवले. त्याच आठवड्यात आकडा चढला. बासष्ट झाला, आणि पुढे उन्हाळा असो की थंडी, साठ-बासष्टच्या खाली म्हणून आला नाही. साध्या रेग्युलेटरने पंखा निम्म्या विजेवर आणला, ही कथा त्याने सगळ्या दिघीला ऐकवली. मे महिन्यात एखाद्या सकाळी तो गुलबानूला विचारायचा, “आत उकडत न्हाय ना?”

“न्हाय वो,” ती म्हणायची. “खिडकीतून खाडीचा वारा येतो.”

आतल्या खोलीची खिडकी खाडीकडे आहे हे खरं. रात्री वारा पडतो, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सिराजुद्दीनलाही माहीत होतं. पण आकडा चांगला असला की माणूस फार खोलात जात नाही.

यंदा मार्चमध्ये त्यांची मुलगी महनूर दुसऱ्यांदा गरोदर असल्याचं कळलं, तेव्हा तिला पाचवा महिना होता. महनूर पनवेलला दिलेली. पहिलं बाळंतपण सासरी झालं, कारण फ्रिज नसलेल्या घरी पाठवायला सासरचे तयार नव्हते. गुलबानू तेव्हा मेथीचे लाडू घेऊन लेकीकडे आठ दिवस पाहुण्यासारखी राहून आली, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. या खेपेला महनूरला साखर निघाली. इन्सुलिन सुरू झालं, आणि ते थंड ठेवायला हवं. जावई मुआज तोंडाचा गोड, पण मनाचा पक्का. तो फोनवर म्हणाला, “अब्बा, फ्रिज दिवसरात्र चालणार असेल तर तिला शेवटचे दोन महिने तिकडं पाठवतो. श्रीवर्धनचा दवाखानाही जवळ पडेल. पण फ्रिज बंद पडला तर मला तिला परत आणावी लागेल.”

गुलबानूने त्या संध्याकाळी नवऱ्यापुढे बसून एवढंच म्हटलं, “ह्या खेपेला पोरगी हितं यायला पायजे.” पस्तीस वर्षांच्या संसारात तिने काही मागितल्याचं सिराजुद्दीनला आठवत नव्हतं. तो उठला आणि त्याने डायऱ्या काढल्या.

नऊ वर्षांच्या नऊ डायऱ्या. त्याने तीन दिवस बसून गणित मांडलं. दोन पंखे, चार दिवे आणि किरकोळ मिळून रात्रीला पाऊण युनिट जातं. महनूर आईजवळ झोपणार, म्हणजे पंखा वाढणार नाही. नवा फक्त छोटा फ्रिज. त्याचं रात्रीचं अर्धं युनिट धरलं. वर थोडं राखीव. पॅनेलं दोनाची सहा करायची आणि जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या दोन पेट्या घ्यायच्या. हा हिशोब घेऊन तो तळा गावी केतनच्या दुकानात गेला. केतन चाळिशीचा, आजूबाजूच्या चार तालुक्यांत सोलरची कामं करणारा.

केतनने कागद बघितला. “चाचा, जुन्या बॅटऱ्या पण ठेवा की जोडीला. चालतायत अजून.”

“थकलेला बैल नव्यासंगं जुंपला तर नवा पण बसतो,” सिराजुद्दीन म्हणाला. हे त्याचं बरोबरच होतं आणि केतनलाही ते ठाऊक होतं.

“मग पेट्या तीन घ्या. पंख्यावर पंचाहत्तर वॉट लिवलंय. तुमच्या कागदात तो निम्मापण धरलेला न्हाय.”

“पंख्यावरचं कंपनीनं लिवलंय. डायरी मी लिवलीय.”

केतनने दोनच पेट्या लिहून घेतल्या. दोन पेट्या, चार पॅनेलं आणि फ्रिज टेंपोने दिघीला आले आणि तिथून माणसांच्या डोक्यावरून टेकाड चढले. सिराजुद्दीनने प्रत्येक तार स्वतः जोडली. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून प्रत्येक जोडावर ग्रीस लावलं. पहिल्या दिवशी फ्रिजात पाण्याच्या बाटल्या ठेवून त्याने दर तासाला हात लावून बघितला. त्या रात्री सगळं व्यवस्थित चाललं. सकाळी आकडा तेवीस होता, अगदी कागदावर मांडला होता तसा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात महनूर पहिलं मूल सासूजवळ ठेवून आली. गुलबानूने तीन नव्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. घरात बोलण्याचा आवाज वाढला. दुसऱ्या दिवशी सिराजुद्दीन फजरला उठला तो घामाने. डोक्यावरचा पंखा थांबला होता, मीटरचा डोळा मिटला होता आणि फ्रिजमधून पाणी ओघळत होतं.

दिवसा ऊन आलं, सगळं पुन्हा चालू झालं. त्याने जोड तपासले, पॅनेलं पुसली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. महनूरने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पण मुआजनेच फोन करून फ्रिजचं विचारलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. मुआज म्हणाला, “रविवारी गाडी घेऊन येतो.” त्या दिवशी बुधवार होता. गुलबानूने गोधड्यांची घडी उगाचच पुन्हा घातली. सिराजुद्दीनने तळ्याला फोन लावून केतनला नाही नाही ते ऐकवलं. बॅटऱ्या खराब दिल्यास, म्हाताऱ्याला फसवलंस.

गुरुवारी दुपारी केतन मोटारसायकलवरून आला. तारेला चिमट्यासारखं धरायचं एक मीटर त्याने आणलं होतं. पेट्या तपासल्या, त्या ठणठणीत होत्या. मग त्याने पडवीतला पंखा लावून मोजला, आतला लावून मोजला. दोन्ही सारखेच, आणि दोन्ही कंपनीने लिहिलं होतं त्याच्या जवळपास. तो खाली बसून जुन्या डायऱ्या चाळू लागला. पहिल्या उन्हाळ्याच्या पानावर थांबला.

“चाचा, हे चाळीस, एक्केचाळीस, हे दोन पंख्यांचं बरोबर हाय. ह्याच्यापुढं बासष्ट झालंय ना, तिथनं तुमच्या डायरीत एकच पंखा हाय.”

“तेव्हा मी रेग्युलेटर बसवला.”

“रेग्युलेटरनं येवढा फरक न्हाय पडत.” केतनने आत बघत विचारलं, “चाची, आतला पंखा रात्री चालू असतो ना?”

गुलबानू चहा घेऊन येत होती. “असतो की. महनूर आल्यापास्नं रोज असतो.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी कशाला?” ती म्हणाली. केतनच्या हातात कप दिला आणि कुणीतरी विचारलंच आहे तर सांगावं, अशा सुरात त्यालाच सांगू लागली. “आकडा खाली गेला की ह्यांचं तोंड बघवत न्हाय बाबा. दिवसभर बोलत न्हाईत. एकदा माझा पंखा चुकून बंद राहिला, तर सकाळी गुणगुणत चहा घेऊन आले. म्हटलं, येवढंच हाय होय? मग हे झोपले की मी बटण बंद करायची.”

महनूर दारात बसून होती. “अम्मी, नऊ वर्षं?” ती म्हणाली. गुलबानूने तिला औषधाची वेळ झाली म्हणून आत पाठवलं.

केतनने डायरी मिटून हळूच सिराजुद्दीनच्या बाजूला ठेवली. तिसरी पेटी मुंबईहून यायला मंगळवार उजाडेल, तोवर रात्री काहीतरी एक बंद ठेवायला लागेल, असं सांगून तो गेला. ऐकवलेल्या शब्दांबद्दल सिराजुद्दीन त्याची माफी मागायला विसरला. त्याचं चित्तच ठिकाणावर नव्हतं. ओमानातली तीनशे अनोळखी माणसं त्याला आठवत होती. त्यांतला एकही कधी घामाने उठला नव्हता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला विचारलं, “तुला पंखा रात्री किती तास लागतो? हिशोबात धरायचाय.”

गुलबानूने विचार केला. “मला काय ठाऊक? कधी लावलाय कुठं.”

शुक्रवारी सकाळी फजरला मीटर जिवंत होतं. फ्रिज घरघरत होता. आतल्या खोलीत पंख्याखाली महनूर गाढ झोपली होती. सिराजुद्दीनने चष्मा लावून आकडा बघितला, बावीस, आणि डायरीत लिहिला. आता रविवारी मुआजला यायचं काही कारण उरणार नव्हतं. त्याची पाठ उशीपासून कमरेपर्यंत भिजली होती आणि डोळे झोपेविना लाल झाले होते.

गुलबानू बाहेर आली. या बाईने कधी मीटरकडे मान वर करून बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आज ती सरळ मीटरपुढे जाऊन उभी राहिली.

“बावीस,” ती म्हणाली. “तुमी पंखा लावला न्हाय रात्री.”

“तुला कसं कळलं?”

“एका पंख्याचे किती होतात ते मला ठाऊक हाय.”

सिराजुद्दीन डायरी मिटून खाटेवर बसला. पुढे जे बोलला ते तोंडातून निघून गेल्यावरच त्याला कळलं. “मला लागत न्हाय पंखा. खाडीचा वारा येतो.”

गुलबानूने त्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडे बघितलं. “मे महिन्यात?” ती म्हणाली. “मी नऊ वर्षं वाट बघितली त्याची.”

तिने भिंतीशी जाऊन पंख्याचं बटण दाबलं आणि परत येऊन खाटेवर त्याच्याशेजारी बसली. वरचा पंखा फिरू लागला. मीटरवर बावीसचे एकवीस झाले. सिराजुद्दीन तिकडे न बघता चहा ठेवायला उठला.